अवसेची भरती

समुद्र मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला तेव्हा मला पासष्टावं लागलं होतं. त्याआधी पंचवीस-तीस वर्षं मी तो लोकांना दाखवत होतो. हसायचं तर हसा, मलाही हसू येतं. पण निजामाच्या राज्यातला खेड्यापाड्याचा मास्तर असाच असायचा. न पाहिलेली आगबोट शिकवायची, न पाहिलेला बर्फ शिकवायचा, आणि पोरांनी "मास्तर, तुम्ही बघितलंय का?" असं विचारलं की छडी उचलायची.

समुद्राची चव मात्र मला त्याच्या कितीतरी आधी कळली. मुरुममध्ये, शाळेच्या पायरीवर उभ्या उभ्या. संपादकांनी नोकरीतल्या गमतीजमती लिहून पाठवा असं पत्र धाडलंय. गमती पुष्कळ आहेत, त्यातल्या दोन-चार सांगतोही. पण ही एक गोष्ट गाळून बाकीच्या सांगितल्या तर ती लबाडी होईल, आणि या वयात लबाडी करून मला काय मिळणार आहे?

मुरुमच्या शाळेत मला भूगोल मिळाला तो दुसऱ्या कुणाला नको होता म्हणून. आमची तालीम, म्हणजे शिक्षण, उर्दूतली. घरात मराठी, पेठेत निम्मी कानडी, आणि शाळेत पाऊल टाकलं की उर्दू. त्यामुळं माझ्या डोक्यात भूगोल उर्दूतच बसलेला. बेट म्हणजे जजीरा. समुद्राचं पाणी रोज चढतं आणि उतरतं, त्याला म्हणायचं मद्दोजजर. त्याला मराठीत काय म्हणतात हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. वाचकांनी एवढं ध्यानात ठेवावं. पुढं हेच माझ्या गळ्याशी आलं.

पहिल्याच परीक्षेत एका पोरानं लिहिलं, मद्द आणि जजर हे दोन सख्खे भाऊ होते, त्यातला मद्द फार दयाळू होता. मी कपाळावर हात मारून घेतला. पोराची काय चूक? त्यानं नदीचा पूर पाहिला होता, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खाली जाताना पाहिलं होतं. पण कुणी न बोलावता दिवसातून दोनदा येणारं आणि दोनदा जाणारं पाणी त्यानं कुठं बघायचं?

म्हणून मी पत्र्याचं काम करणाऱ्या उस्मानभाईकडून रॉकेलच्या डब्यांचे पत्रे जोडून एक लांबट परात करून घेतली. चार हात लांब, दीड हात रुंद, वीतभर खोल. एका अंगाला बेनीतुरा नदीची वाळू उतरती थापायची, दुसऱ्या अंगाला आडाचं पाणी ओतायचं, आणि पाण्यात एक फळी उभी धरायची. फळी हळूहळू वाळूकडं सरकवली की पाणी वाळूवर चढतं, मागं ओढली की उतरतं. झालं यंत्र. काठावर शेणाची दोन इवलीशी घरं, बाभळीच्या सालीची नाव, आणि चंद्र म्हणून आमच्या घरची पितळी ताटली. ताटली परत घेताना बायको रोज तपासून घ्यायची.

पण खरी करामत पुढंच आहे. फळी वीस-पंचवीस वेळा पुढं-मागं केली की किनारा पहिल्यासारखा राहत नाही. इकडची वाळू खरवडून तिकडं जाते. मधेच पाण्यात वाळूचा एक दांडा उभा राहतो, उतरत्या पाण्यात छान कोरडा दिसतो, आणि आणखी दहा-बारा हेलकाव्यांनी तो दांडाही कुठं गेला कळत नाही. काठावरचं शेणाचं घर बसल्या जागी खचतं. पोरं हे बघायला जेवणाची सुट्टी सोडायची. मग त्यांचे बाप यायला लागले, मग आया. तेव्हा मला अवदसा आठवली की हे आपण बाजारात आणि जत्रेत सगळ्यांना दाखवावं.

त्या काळात चार माणसं एका जागी जमवायची तर सरकारी इजाजत लागे. मी दरख्वास्त दिली. अमीनसाब, म्हणजे पोलीस ठाण्याचे अंमलदार, स्वतः शाळेत आले. यात जलसा, भाषण, नारे काही आहे का, हे त्यांना बघायचं होतं. मी फळी त्यांच्या हातात दिली. तासभर ते खुर्चीवर बसून फळी पुढं-मागं करत होते, आणि शेणाचं घर पडलं की नवं ठेवायला सांगत होते. जाताना म्हणाले की यात हुकूमतीविरुद्ध काही दिसत नाही, मात्र घरं पाडायची ती रिकामी असावीत.

अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेत एका म्हाताऱ्यानं सगळं शांतपणे बघितलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं की एवढं पाणी आहे तर तिथं मोट का कुणी लावत नाही. पाणी खारट असतं म्हटलं तर तो हात झाडून निघून गेला. मी थापा मारतो असं त्याला वाटलं. जळकोटला तर पटवारी भडकले. दांडा वर येतो आणि जातो हे बघून त्यांचा चेहरा उतरला. ती जमीन कुणाच्या नावावर चढवायची, बुडाली की नाव कमी करायचं का, पुन्हा वर आली तर वारस कोण, असे सवाल त्यांनी लावून धरले. शेवटी ते म्हणाले की असला मुलूख आपल्या सर्कलमध्ये नाही ही अल्लाची आणि भवानीची दोघांची मेहेरबानी. लोक लई हसले. मीही हसलो. जागेवर न राहणारी जमीन आम्हा सगळ्यांना त्या वेळी गंमतच वाटत होती.

आता नीलव्वाचं सांगतो.

मुरुमच्या पेठेत सिद्रामप्पाचं किराणा दुकान होतं. लिंगायत घर, कपाळाला ठळक भस्म, बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी. नीलव्वा त्यांची बायको. गल्ल्यावर नवरा आणि तराजूवर ती, असं ते दुकान चालायचं. तिचं हसणं पेठेच्या त्या टोकाला ऐकू जायचं. मी मुरुमला बदलून आलो त्याच साली सिद्रामप्पा सुपारी आणि खोबरं बघायला कोकणात गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईमुळं सोलापूरचे व्यापारी माल अडवून धरत होते, म्हणून थेट बंदरावरूनच माल आणायचा त्यांचा विचार होता.

महिन्यानं कोकणातल्या अडत्याचं कार्ड आलं. मोडीत लिहिलेलं. नीलव्वाला कानडी अक्षरं येत, मोडी येत नसे. तिच्या दिराला, रेवप्पाला, तर वाचताच येत नसे. म्हणून ती कार्ड घेऊन माझ्याकडं आली, आणि मी शाळेच्या ओट्यावर बसून ते मोठ्यानं वाचलं. ते मला आजही पाठ आहे.

"तुमचे सिद्रामप्पा परवाचे अमावास्येचे भरतीत गेले. आम्ही सर्व पुष्कळ ओरडलो, परंतु ऐकिले नाही. ईश्वराची इच्छा. सामान आमचेकडे आहे, माणूस पाठवून न्यावे."

लढाईचे दिवस. भरती म्हटलं की एकच भरती. सोलापुरात पोरांच्या छात्या मोजून पलटणीत घेत होते, तिकडं जाऊन गपचूप नाव दिलेली आमच्या भागातली पाच-सहा पोरं मला माहीत होती. मी कार्ड खाली ठेवलं आणि सांगितलं, "नीलव्वा, सिद्रामप्पा पलटणीत भरती झाले. तिथल्या लोकांनी रागावून सांगितलं, पण त्यांनी ऐकलं नाही."

तिनं कार्ड उचलून उलटसुलट बघितलं. मग एवढंच म्हणाली, "अवसेला भरती करत्यात व्हय मास्तर? चांगल्या कामाला कुणी अवस धरतं का?" मी म्हटलं, इंग्रजाला कसली अवस आणि कसली पुनव. कार्डाच्या माथ्यावर 'श्री' नव्हता हेही माझ्या नजरेला आलं होतं. आपल्याकडं माथ्यावर श्री नसलेलं पत्र कसलं असतं हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पण मी शहाणा. मी म्हटलं, कोकणातल्या लोकांना पत्र लिहायची रीत नाही.

पुढची तीन वर्षं नीलव्वानं कुंकू लावलं, हातभर बांगड्या घातल्या, दुकान चालवलं आणि वाट बघितली. रेवप्पा सोलापूरला जाऊन भरतीच्या कचेरीत विचारून आला. तिथल्या कारकुनानं कोकणातली नावं आपल्याकडं नसतात, पत्र येईल तेव्हा येईल, असं सांगून वाटेला लावलं. सामान आणायला कुणी गेलं नाही. परत येताना तेच घेऊन येतील, असं नीलव्वा म्हणायची. लढाई संपली. गेलेली पोरं एक एक करून पत्र्याच्या ट्रंका घेऊन परतली. प्रत्येकाच्या घरी ती जाऊन आली, सिद्रामप्पा कुठं दिसले का विचारून आली. कुणी मिसरला होतं, कुणी बर्म्यात. कुणालाच ते दिसले नव्हते. मग पेठेत कुजबूज सुरू झाली की पळून गेलेला माणूस आता कशाला परत येतोय, दुसरं घर केलं असंल. तिचं हसणं कधीच बंद झालं होतं. आता ती तराजूकडं बघूनच बोलायची.

याच सुमाराला माझ्या मेहुण्यानं सोलापूरहून एक मराठी भूगोलाचं पुस्तक आणलं. त्यात मला तो शब्द सापडला. भरती आणि ओहोटी. काय सांगू, मला गुप्तधन सापडल्यासारखं झालं. मद्दोजजर म्हणून म्हणून जीभ वाळली होती, आणि इथं आपल्या भाषेत इतका साधा, भरलेला शब्द. पोतं भरतं, आड भरतो, तसा समुद्र भरतो. बाजाराच्या दिवशी शाळेपुढच्या लिंबाखाली मी परात मांडायचं ठरवलं आणि गावात दवंडी द्यायला सांगितली, की आज मास्तर भरती दाखवणार आहेत.

दवंडीवाल्यानं तेवढंच सांगितलं. मास्तर भरती दाखवणार. अर्ध्या घटकेत गावात पळापळ. लढाई संपून वर्ष होत आलं होतं तरी लोकांच्या मनातनं भरती गेली नव्हती. काही बाप्ये शेताकडं सुटले. एका म्हातारीनं आपल्या थोराड लेकाला जोंधळ्याच्या कणगीत उतरवून वर सूप झाकलं. आणि दोन बहाद्दर उलट सदरे काढून लिंबाखाली हजर, छाती फुगवून उभे, म्हणाले मोजा. मी पोट धरून हसलो. एका शब्दाचे दोन अर्थ, बघा कशी गंमत, असं मी जमलेल्यांना समजावून सांगितलं. पलटणीची भरती वेगळी आणि समुद्राची वेगळी.

हे मी माझ्या तोंडानं सांगितलं. तरी मला ते कार्ड आठवलं नाही. वाचक विचारतील, कसं आठवलं नाही? मीही गेली कैक वर्षं तेच विचारतोय.

लिंबाखाली दीडशे-दोनशे माणूस जमलं. नीलव्वा दुकान रेवप्पावर टाकून बायकांच्या बाजूला येऊन उभी राहिली होती. बहुतेक दवंडी ऐकूनच आली असावी, भरती म्हटल्यावर तिचं पाऊल वळणारच. मी रंगात आलो होतो. फळी सरकवली, पाणी चढलं. म्हटलं, "बघा मंडळी, याला म्हणायचं भरती." फळी मागं घेतली, वाळूचा दांडा उघडा पडला. "ही ओहोटी. आता हा दांडा बघून नवखा माणूस म्हणंल, वा, काय मैदान आहे, आणि जाईल फिरायला."

तेव्हा नीलव्वानं विचारलं, "मास्तर, ही भरती अवसेला असती का?"

मी खूश झालो. खोटं कशाला बोलू, मी अक्षरशः टाळी वाजवली. तीन वर्षांत इतका नेमका सवाल मला एकाही शिकलेल्या माणसानं केला नव्हता. मी सगळ्यांपुढं तिला शाबासकी दिली. ताटलीचा चंद्र हातात घेतला आणि समजावलं, की पाण्याला चंद्र ओढतो, थोडंसं सूर्यही ओढतो. अवसेला दोघं एका अंगाला येतात, एका जुवाला दोन बैल जुंपल्यासारखे. म्हणून अवसेची भरती सगळ्यांत मोठी. पाणी लांबवर मागं जातं आणि आलं म्हणजे तसंच लांबवर आत येतं.

"अन् त्या दांड्यावर माणूस असला तर?" तिनं विचारलं.

लोक अजून सकाळच्या दवंडीवर हसत होते. ते दोन बहाद्दर पुढंच बसले होते. मला चेव आला. मी फळी जोरात पुढं लोटली आणि म्हटलं, "तर मग काय, गेला तो भरतीत!"

सगळा बाजार हसला. ते शब्द माझ्या तोंडातून निघाले आणि माझ्याच कानावर पडले. अमावास्येचे भरतीत गेले. पुष्कळ ओरडलो. ऐकिले नाही. माथ्यावर श्री नाही, म्हणजे मरणाचं पत्र. एका क्षणात ते कार्ड माझ्यापुढं पुन्हा वाचलं गेलं, आणि या वेळी बरोबर वाचलं गेलं. मी फळी धरूनच राहिलो. लोक हसतच होते. नीलव्वा हसत नव्हती.

ती पुढं आली. कमरेच्या चंचीतून तिनं एक सुपारी काढली, आणि पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या दांड्यावर ठेवली. म्हणाली, "करा, मास्तर."

माझ्यानं होईना. तेव्हा तिनं माझ्या हातातून फळी काढून घेतली आणि आपल्या हातानं सरकवली. हळूच सरकवली, तांदूळ निवडावेत तशी. पाणी आधी दांड्याच्या मागच्या सखल जागेत शिरलं, मग दोन्हीकडून वर आलं. सुपारी ओली झाली, मग दिसेनाशी झाली. तिनं फळी मागं घेतली. पाणी उतरलं. सुपारी तिथं नव्हती. वाळू मात्र सपाट आणि स्वच्छ होती. एव्हाना हसणं थांबलं होतं, काय चाललंय ते कळत नसलं तरी काहीतरी चाललंय हे लोकांना कळलं होतं.

"पाणी म्हागनं येतं, मास्तर," ती म्हणाली. "ओरडले म्हंजे रागावले न्हाईत. हाका मारल्या त्यांनी. अन् ऐकलं न्हाई म्हंजे ह्यांना ऐकू गेलं न्हाई."

मी मान हलवली असेन. मला आठवत नाही. ती रडेल, किंचाळेल, परात उलथून टाकेल, माझ्या तोंडात मारेल, कशालाही मी तयार होतो. तिनं यातलं काहीच केलं नाही. तिचा चेहरा सैल पडला. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं सरळ बघितलं.

"म्हंजे मला टाकून न्हाईत गेले," ती म्हणाली.

पदर सावरून ती पेठेच्या दिशेनं चालू लागली. मी खाली बसलो. मेल्याची बातमी ऐकून माणसाला सुटल्यासारखं वाटावं, इतकं काय आपण हिच्या डोक्यावर ठेवलं होतं? परात, वाळू, ताटली तशीच लिंबाखाली सोडून मी घरी गेलो. ताटली पुढं कुणीतरी आणून दिली. बायकोनं त्या दिवशी ती तपासली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवप्पा आला. गडी अंगानं आडदांड, रागीट म्हणून पेठेत प्रसिद्ध. आज आपला निकाल लागतो अशी माझी खात्री होती. तो ओट्यावर बसला. बोलताना त्याचा आवाज चढला नाही, हेच मला सोसवेना.

"मास्तर, आमाला वाचता येत न्हाई म्हणून तुमच्याकडं आलो. तीन वर्सं त्यांचं दिवस घातलं न्हाईत, गणाराधना केली न्हाई. पेठ त्यांना पळपुटा म्हणत होती, अन् आमी मान खाली घालून ऐकत होतो."

मी म्हटलं, माझं चुकलं. आणखी काय म्हणणार? मद्दोजजर आणि भरती एकच हे मला ठाऊक नव्हतं, असं त्याला सांगून काय उपयोग होता? तो उठला आणि म्हणाला की अडत्याला पत्र लिहून द्या, मी स्वतः जाऊन येतो. ते पत्र मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा मोठ्यानं वाचून घेतलं. कुठल्या शब्दाचा दुसरा अर्थ निघतो का, हे बघायची मला तेव्हापासून खोड लागली. माझ्या बायकोचं डोकं उठायचं.

नंतर मला एक गोष्ट कळली, त्यानं तर मी हादरलोच. कोकणात जायच्या आदल्या दिवशी सिद्रामप्पा दुकानात गिऱ्हाइकांना सांगत होते की समुद्राचं पाणी मिठासारखं खारट असतं. नीलव्वा तराजूवरून मोठ्यानं हसली आणि म्हणाली, एवढं मीठ टाकलं कुणी? सगळी गिऱ्हाइकं हसली. सिद्रामप्पांचा चेहरा पडला. सकाळी ते न बोलता निघून गेले. चारचौघांत आपण नवऱ्याला हसलो, म्हणून राग धरून ते पलटणीत गेले, लोकांनी नको म्हणून सांगितलं तरी आपल्यावरच्या रागानं गेले, असं ती तीन वर्षं धरून बसली होती. तिचं हसणं बंद झालं ते यामुळं. रेवप्पाच्या बायकोनं हे माझ्या बायकोला आडावर सांगितलं.

पंधरा-वीस दिवसांनी रेवप्पा परत आला. आधी घरी जाऊन मग माझ्याकडं आला. अडत्या म्हातारा होऊन थकला होता, पण त्यानं सगळं सांगितलं. अवसेच्या दिवशी पाणी लांब हटलं होतं. सिद्रामप्पा वाळूच्या दांड्यावर चालत गेले. आपल्याकडच्या माणसाला सपाट जमीन दिसली की पाय चालतात. मागच्या बाजूनं पाणी भरायला लागलं तसं काठावरच्या लोकांनी ओरडून ओरडून बोलावलं. वारं उलटं होतं. ते पुढंच बघत उभे राहिले.

"मी म्हटलं, जागा दाखवा, इभूत वाहतो," रेवप्पा म्हणाला. "तर ते म्हणाले, तो दांडा आता न्हाईच. दोन पावसाळ्यांत समुद्रानं नेला. तिथं आता नावा चालत्यात. मास्तर, जागा बी ठेवली न्हाई हो त्यानं."

जळकोटचे पटवारी मला आठवले, आणि त्यांच्यावर हसलेला मीही आठवलो. मी तीन वर्षं फळी हलवून नेमकं हेच दाखवत होतो. किनारा राहत नाही, दांडा राहत नाही. मला सगळं माहीत होतं आणि काहीही माहीत नव्हतं.

चार दिवसांनी नीलव्वा शाळेत आली. कपाळावर कुंकू नव्हतं, भस्माचे तीन पट्टे होते. मी वर्गातून बाहेर पायरीवर आलो. तिच्या हातात एक काचेची बाटली होती. औषधाची असावी, वर लाकडी बूच, त्यावर मेण. रेवप्पानं आणलेल्या नवऱ्याच्या सामानात धोतराच्या घडीत गुंडाळलेली निघाली, असं तिनं सांगितलं. तळाशी थोडी वाळू बसलेली, वर निवळ पाणी. बूच तिनं आधीच काढलं होतं.

"मला दावायला भरून ठिवली हुती," ती म्हणाली. "रागात असते तर भरली असती का?"

तिनं बाटली माझ्यापुढं धरली. "घ्या, चाखा. तुमी तरी कवा चाखलाय?"

मी ओंजळ पुढं केली. तिनं चार थेंब ओतले. पुस्तकात खारट लिहिलेलं असतं. ते खारट नव्हतं हो, ते कडूजहर होतं, जिभेवरून घशात उतरून तिथंच बसणारं. मला ठसका लागला, डोळ्यांना पाणी आलं. समुद्राशी माझी ती पहिली गाठ. मी इतकी वर्षं लोकांना दाखवलेल्या वस्तूचा मला एवढा धक्का बसावा, याचीच मला लाज वाटली. नीलव्वा मात्र हसली. पूर्वीसारखं पेठेच्या टोकापर्यंत नाही, पण हसली.

मी तिला म्हटलं, "नीलव्वा, मला माफ कर. मला कळायला पाहिजे होतं."

तिनं बाटलीला बूच लावलं, पदराखाली धरली. जरा विचार केला आणि म्हणाली, "तुमच्या परातीतलं पाणी गोडं हुतं, मास्तर. तुमाला कसं कळंल?"

नोकरी संपेपर्यंत मी ती परात गावोगाव घेऊन फिरलो. निजाम गेला, उर्दू गेली, मद्दोजजर गेलं, पुस्तकात भरती-ओहोटी आली. परात मांडली की आधी मी पाण्यात दोन मुठी मीठ टाकायचो आणि पुढं बसलेल्या प्रत्येकाला बोट बुडवून चाखायला लावायचो. त्याशिवाय फळीला हात लावायचो नाही.